टेकू

आमच्या घरी मोटार आली तेव्हा शेजाऱ्यांना जितके आश्चर्य वाटले, त्याहून अधिक ते आम्हांलाच वाटले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. अलंकार, वृत्ते आणि समास यांच्या आधारावर आयुष्य काढावयाचे, असा आमचा संकल्प. परंतु राहावयाचे पेडणे महालात आणि शिकवावयाचे डिचोलीस, अशी आमची स्थिती. धारगळ, कोलवाळ, थिवी, अस्नोडा अशी ठिकाणे पार करीत, दोन बसगाड्या बदलून शाळेत पोहोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असे. उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांना रागे भरण्याचा आमचा नैतिक अधिकार अशा रीतीने दिवसेंदिवस क्षीण होत चालला. तो परत मिळवावा म्हणून आम्ही जुनी मारुती ८०० विकत घेतली. ही गाडी बनविणे कारखान्याने २०१४ सालीच थांबविले. म्हणजे आमच्या हाती आली ती वयस्कच. माणसाप्रमाणे गाडीलाही उतारवयात खोकला लागतो, हे आम्हांस लवकरच कळले.

पहिले संकट आले ते चाकाचे. पहिल्या पावसाच्या दिवसांत, अस्नोड्याच्या पुढे एका उतारावर, मागचे चाक बसले. डिकीत स्टेपनी होती. (हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो आपलाच वाटतो, वस्तुतः तो वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याचा. तेथील एका कारखान्याने १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक काढले आणि रस्त्याचे नाव जगभर फिरले.) स्टेपनीशेजारी कात्रीसारखा मिटणारा एक लहानसा जॅकही होता. तो कोठे लावावा याचा विचार न करता आम्ही तो जेथे सरकला तेथे सरकविला. दांडा फिरवू लागताच गाडी उचलण्याऐवजी तिच्या तळाचा पत्राच आत दबू लागला. अखेर एका टिप्परच्या चालकास दया आली. त्याने प्रथम दोन दगड आणून चाकांना लावले, मग जॅक काढून दारांखालच्या कडेला असलेल्या दोन खाचांमध्ये बसविला, आणि पाच-सात मिनिटांत चाक बदलून दिले. नट मात्र त्याने गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा फेरा सैल करून घेतले होते. आम्ही कारण विचारले. गाडी वर असताना पान्यावर जोर दिला तर नट हलण्याआधी गाडी हलते, एवढेच तो म्हणाला. जाताना त्याने ते दोन्ही दगड उचलून गटारापलीकडे टाकले. २०१२ साली खाणी बंद पडण्यापूर्वी ज्यांनी या रस्त्यावरून रात्री दुचाकी चालविली असेल, त्यांना त्या शेवटच्या कृतीचे मोल सांगावयास नको. चाक बदलून निघून गेलेल्या ट्रकांचे दगड रस्त्यातच पडून राहत, आणि आमच्या परिचयाचे कितीतरी लोक त्यांवर आपटले आहेत.

एवढ्यावर आमचे शहाणपण भागावयास हवे होते. परंतु एकदा चाक बदललेले पाहिले की मनुष्यास आपण यंत्रविशारद झालो असे वाटू लागते. पुढे श्रावणात गाडीचा सायलेन्सर एका बाजूने सुटला व खडखडू लागला. रविवार होता. गॅरेज बंद. सायलेन्सर तारेने बांधण्यास गॅरेज कशास हवे, असा विचार आम्ही केला आणि अंगणात गाडी घेतली.

आमचे अंगण तांबड्या मातीचे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून त्याला किंचित उतार दिलेला आहे. आम्ही जॅक मागच्या खाचेत नीट लावला. तेवढे आता आम्हांस येत होते. गाडी वर आली. नुसत्या जॅकवर विसंबणे बरे नव्हे, इतके आम्हांसही समजत होते. म्हणून कुंपणाच्या कामातून उरलेले दोन चिरे आणून आम्ही गाडीखाली एकावर एक उभे केले. गोव्यात घरे चिऱ्यांची, पायऱ्या चिऱ्यांच्या, विहिरी चिऱ्यांच्या. ज्याने घर तोलून धरले तो गाडी तोलून धरणार नाही काय? आमची सहा वर्षांची मुलगी हातात बॅटरी घेऊन शेजारी उकिडवी बसली होती. आम्ही गोणपाट अंथरले, पाठीवर निजलो आणि डोके गाडीखाली घातले. तार आखूड पडली, म्हणून बाहेर येऊन पक्कड शोधू लागलो.

नेमका त्याच वेळी आमच्या नववीच्या वर्गातला एक विद्यार्थी फाटकातून आत आला. या वार्षिकासाठी लिहिलेला निबंध देण्यास तो आला होता. हा मुलगा सुटीत आपल्या मामाच्या गॅरेजात काम करतो. त्याने कागद पायरीवर ठेवले, गाडीकडे पाहिले आणि आमच्याशी आजवर कधी बोलला नव्हता अशा स्वरात म्हणाला, "सर, सकयल वचूं नाकात!"

आमच्या मुलीला त्याने हाताला धरून तुळशीपाशी नेऊन उभे केले. मग गाडीच्या मागील बाजूस येऊन त्याने ती दोन्ही हातांनी एकदा हलविली. जोराने नव्हे, दार उघडून आत बसताना गाडी हलते तितकीच. जॅकचा तळ भिजलेल्या मातीत एका अंगाने रुतलेलाच होता, तो कलला. सगळा भार चिऱ्याच्या एका कडेवर आला. वरचा चिरा सुपारी फुटावी तसा फुटला आणि गाडी खाली बसली. गोणपाटावर आमच्या डोक्याचा ओला ठसा होता. तो गाडीखाली गेला.

पुढची काही मिनिटे कोणीच काही बोलले नाही. घरातून मंडळी बाहेर आली, तिने मुलीला उचलून घेतले व आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीचे वर्णन आम्ही करणार नाही.

चिऱ्याने दगा दिला असे आम्हांस वाटले होते. पण दोष चिऱ्याचा नव्हता. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. परंतु त्याच्या अंगात छिद्रे ही असतातच. भिंतीत त्याच्यावर भार सर्व बाजूंनी सारखा पडतो. मोटारीच्या तळाची धार एका रेषेवर, एका कडेवर भार टाकते, आणि तो भार हलताही असतो. विटांचे व सिमेंटच्या ठोकळ्यांचेही तेच. ते वाकून पूर्वसूचना देत नाहीत; एकदम फुटतात.

"जॅक उबारता, पूण धरून दवरीना," तो मुलगा म्हणाला. जॅक उचलतो, धरून ठेवीत नाही.

हे वाक्य ऐकताच आम्हांस आमच्या आजोबांची बैलगाडी आठवली. आसाला वंगण द्यावयाचे असले की दोन गडी गाडीला खांदा देत, तिसरा लाकडी टेकू आत सरकवी, आणि टेकू पक्का बसल्यावाचून चाक काढण्यास आजोबा कोणासही हात लावू देत नसत. खांदा उचलण्यासाठी, टेकू ठेवण्यासाठी. आम्ही ते दृश्य लहानपणी शंभर वेळा पाहिले, आणि मोटारीच्या वेळी नेमके तेवढेच विसरलो.

पुढच्या शुक्रवारी सुटी होती. म्हापशाच्या बाजाराला जाण्याच्या निमित्ताने आम्ही त्या मुलाला व त्याच्या मामांना बरोबर घेतले आणि मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. आम्ही रंग पाहून एक सुबक जॅक उचलला. मुलाने तो हळूच परत ठेवला. वस्तूवर कोरलेला भार आधी पाहावयाचा, असे तो म्हणाला. आमची गाडी साधारण साडेसहाशे किलोची. एक चाक उचलताना त्यातला काही भागच जॅकवर येतो. तरीही त्याने दोन टनांचा घ्यावयास लावला, कारण यंत्राला त्याच्या शक्तीच्या शेवटच्या टोकापर्यंत राबवू नये. पुढे तो खाली वाकला आणि जॅक पूर्ण मिटल्यावर किती उंच राहतो ते वितीने मोजू लागला. चाक बसलेले असताना गाडी आणखी खाली येते. तेव्हा जॅक आत शिरलाच नाही तर त्याच्या दोन टनांचा उपयोग काय? बाटलीच्या आकाराचा जॅक ट्रकास उत्तम, पण तो उंच असतो व त्याचा तळ अरुंद. लहान गाडीखाली तो शिरत नाही. म्हणून चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा व पसरट तळाचा ट्रॉली जॅक ठरला.

याच्या पोटात तेल असते. पास्कलचा सिद्धांत आम्ही शाळेत पाठ केला होता आणि परीक्षेनंतर प्रामाणिकपणे विसरलोही होतो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोहोचतो. लहान दट्ट्या एक चौरस सेंटिमीटरचा आणि मोठा वीस चौरस सेंटिमीटरचा असेल, तर वीस किलोंचा जोर चारशे किलो उचलतो. फुकट मात्र काही मिळत नाही. गाडी एक सेंटिमीटर वर जाण्यास लहान दट्ट्या वीस सेंटिमीटर खाली न्यावा लागतो, म्हणून दांडा पुन्हा पुन्हा हापसावा लागतो. जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावर दाबयंत्र बनवून १७९५ साली इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले. ज्या तेलाच्या बळावर गाडी वर जाते, ते तेल झिजलेल्या रबरी कड्यातून झिरपले की ती खाली येते. तेव्हा जॅक कितीही महाग असो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरावयाचे नाही. (विज्ञानाच्या चाचणीत या प्रश्नावर या मुलाला पाचांपैकी दोन गुण मिळाले होते. आम्ही चौकशी केली. त्याने सिद्धांत बरोबर लिहिला होता, आकृती काढली नव्हती.)

जॅकहून अधिक महत्त्वाची खरेदी पुढे होती: लोखंडी टेकूंची जोडी, ज्यास दुकानदार जॅक स्टँड म्हणतात. चार पायांचे, वर खोबणी असलेले, उंची ठरविल्यावर आडवी खीळ घालून पक्के करावयाचे. मामांनी प्रत्येक स्टँड फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात की नाही ते पाहिले, सांधे नखाने खरवडले, आणि खीळ बारीक वाटलेली एक जोडी परत केली. दुकानदार किंचित नाराज झाला. शेवटी चाकांसाठी लाकडी पाचरी घेण्याचा विषय निघाला, तेव्हा मामा म्हणाले की त्या घरच्या फणसाच्या लाकडाच्या करून देतो, पैसे वाचतील.

आता आमच्या अंगणात गाडी वर चढविण्याचा विधी जवळजवळ पूजेइतका काटेकोर झाला आहे. उताराची बाजू सोडून फरशी घातलेल्या सपाट भागावर गाडी, पहिला गिअर, हातब्रेक. बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्याच चाकांना धरतो, म्हणून मागची बाजू वर गेली की तो निकामी होतो. तेव्हा पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी हव्यातच. मग जॅक, मग स्टँड, मग जॅक अगदी सावकाश सैल करून भार स्टँडवर. काढलेली स्टेपनी आडवी करून कडेखाली सरकवून ठेवतो, न जाणो. सरतेशेवटी गाडी हलवून पाहावयाची, आणि ती हलवीपर्यंत मुलांनी तुळशीपलीकडे उभे राहावयाचे, असा घरातला दंडक आहे. तो घालून दिला आमच्या मुलीने.

त्या विद्यार्थ्याचा निबंध पायरीवर राहिला तो राहिलाच. संध्याकाळच्या सरीत त्याची शाई पार वाहून गेली, आणि आम्ही तो उचलला तेव्हा शीर्षकापलीकडे एक अक्षर उरले नव्हते. पुन्हा लिहून दे, असे आम्ही त्याला दोनदा सांगितले. दहावीनंतर डिचोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जावयाचे त्याच्या मनात आहे. निबंधाचा त्याला फारसा उत्साह नाही. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तो हसला.

"सर, चिरो फुटिल्लो तेंच तुमी बरयात," तो म्हणाला आणि आमच्या गाडीचा सायलेन्सर बांधावयास स्टँडमधून आत सरकला. मुलीने बॅटरी धरली, तुळशीपलीकडून.