किंतामणीची कॉफी आणि पिंजऱ्यातील उदमांजर

बाली बेटावरील उबुद सोडून उत्तरेकडे निघाले की भातशेतीच्या पायऱ्या मागे पडू लागतात, रस्ता चढणीला लागतो आणि हवेत गारवा येतो. मग दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडे दिसतात व त्यांच्या सावलीत तकतकीत, गडद हिरव्या पानांची बुटकी झुडपे. ती कॉफीची. हा किंतामणीचा प्रदेश. समोर १,७१७ मीटर उंचीचा बतूर ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी चंद्रकोरीसारखे सरोवर, आणि पायाखाली त्याच ज्वालामुखीने दिलेली काळी, भुसभुशीत माती.

धर्मस्थळाहून चारमाडी घाट चढून श्रवणबेळगोळला गेलेल्या यात्रेकरूंना कॉफीचे मळे नवे नाहीत. मुडिगेरेच्या परिसरात ते बसच्या खिडकीतूनही दिसतात. या दूरच्या बेटांवरील कॉफीचे मूळही भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी जोडलेले आहे. डच व्यापाऱ्यांनी १६९६ मध्ये मलबारहून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा नेली, ती मात्र रुजली आणि कालांतराने आसपासच्या बेटांवर पसरली.

किंतामणीचे शेतकरी ‘सुबक अबियान’ नावाच्या पारंपरिक मंडळांत संघटित आहेत. भातशेतीच्या पाणीवाटपासाठी जशी ‘सुबक’ मंडळे, तशी ही कोरडवाहू बागायतीची. त्यांच्या जीवनदृष्टीचे नाव ‘त्रि हित कारण’ असे आहे. मराठी वाचकाला त्याचा निराळा अर्थ सांगण्याची गरज भासू नये. देव, माणूस आणि निसर्ग या तिघांशी सलोखा राखला तरच हित साधते, असा त्याचा भाव. मळ्याच्या कोपऱ्यात केळी-माडाच्या पानांच्या लहानशा द्रोणात फुले वाहिलेली दिसतात, ती याच भावनेने. येथील अरेबिका कॉफीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इंडोनेशियातील ते पहिलेच.

तोडणीच्या हंगामात लालबुंद फळे तेवढी हाताने वेचतात; हिरवी झाडावरच राहू देतात. यंत्रातून गर निघाला की बिया काही तास आंबवून धुतात आणि उन्हात वाळवतात. हे सारे वेळखाऊ काम आहे, पण चव त्यातूनच स्वच्छ येते. भाजलेल्या बियांची बारीक पूड पेल्यात घालायची, वर उकळते पाणी ओतायचे आणि गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचे, ही तेथील घरगुती रीत. तिला ‘कोपी तुब्रुक’ म्हणतात. दूध नाही, गाळणीही नाही. पहिल्या घोटाला फिल्टर कॉफीची सवय असलेली जीभ बिचकते. दुसऱ्या घोटाला लिंबूवर्गीय फळाची हलकी आंबटसर छटा लागते. ती संत्र्यांच्या शेजारामुळे येते, असे तेथे सांगितले जाते.

परंतु बहुतेक पर्यटक या मळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. उबुदहून येणाऱ्या रस्त्यावरच पाट्या लावलेल्या बागा त्यांना अडवतात. लाकडी तबकात दहा-बारा लहान पेले मांडून येतात : नारळाची कॉफी, कोको, गवती चहा, आल्याचा चहा, हळदीचा चहा. ही चव फुकट असते. कंदमूळ न घेणाऱ्यांनी आले-हळदीचे पेले बाजूला ठेवावेत, एवढे सोपे आहे. अवघड पेला पुढे येतो. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि त्याचे नाव ‘कोपी लुवाक’.

लुवाक म्हणजे उदमांजर. महाराष्ट्रातही रात्री कौलांवरून आणि फळझाडांवरून फिरणारा हा लाजाळू, एकटा राहणारा प्राणी. तो पिकलेली कॉफीफळे खातो. बिया न पचता विष्ठेतून पडतात. त्या वेचून, धुऊन, भाजून ही कॉफी करतात. डच अमलात मळ्यांवर राबणाऱ्यांना कॉफी तोडून पिण्याची मुभा नव्हती, तेव्हा त्यांनी जंगलात पडलेल्या या बिया गोळा केल्या, अशी कथा सांगतात. गरिबाच्या त्या युक्तीचा पुढे महागडा शौक झाला आणि रानात वेचून मागणी भागेना. मग पिंजरे आले.

ऑक्सफर्डच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बालीतील १६ ठिकाणच्या ४८ उदमांजरांची पाहणी केली होती. प्राणिकल्याणाचे प्राथमिक निकष पूर्ण करणारे ठिकाण एकही आढळले नाही. तारेच्या जाळीवर उभे राहणे, रात्री वावरणाऱ्या जिवाला दिवसभर माणसांचा गलका, वैविध्याच्या आहाराऐवजी कॉफीफळांचा मारा, आणि पिंजऱ्यात त्याच त्या फेऱ्या. ‘रानातली’ असे लिहिलेल्या पाकिटातील बी खरोखर कोठून आली, हे ओळखण्याची सोय ग्राहकाकडे नसते.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार श्रावकांना पाठ असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यांतील पहिला तर या पिंजऱ्यात उघड दिसतो आणि शेवटच्याची छाया त्या सक्तीच्या आहारावर पडते. पिंजरा ग्राहकाने बांधलेला नसतो, हे खरे. पण कृत आणि कारित यांच्यापुढे अनुमोदनही मोजले जाते, आणि या धंद्यात अनुमोदनाची किंमत रोख मोजून घेतली जाते. चवीचे म्हणावे, तर अनेक जाणकारांना या कॉफीत विशेष काही आढळलेले नाही. विकली जाते ती गोष्ट.

पिंजऱ्यावर काळे कापड टाकलेले असले तरी आतली हालचाल कळते. ज्यांना ती पाहून पेला परत द्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी वरचा रस्ता मोकळाच आहे. किंतामणीच्या गावांत अंगणात वाळत घातलेली कॉफी दिसली की थांबावे, साधी कॉफी मागावी. मात्र सकाळी निघावे. दुपारनंतर बतूरवर धुके उतरते, सूर्य बाराही महिने साडेसहाच्या आगेमागे मावळतो, आणि चौविहार पाळणाऱ्याला त्याआधी उबुद गाठून जेवण उरकायचे असते. तेवढ्यात पेल्यातला गाळ तळाशी बसलेला असतो.