कृश देहातील मेद

देहाविषयी आपल्या समाजात दोनच मते रूढ आहेत. पोट सुटलेल्या गृहस्थाकडे पाहून लोक म्हणतात, "यांनी आता जपावे"; आणि सडपातळ माणसाकडे पाहून म्हणतात, "हा काटक आहे, याला काय धाड भरली आहे!" आपल्या घरांतून तर कृशता ही विद्या व संयम यांची खूण समजली जाते. या समजुतीचा पाया किती कच्चा आहे, हे पुण्याच्या एका संशोधकाने दाखवून दिले आहे. ती हकीकत सर्वांनी, विशेषतः स्वयंपाकघराची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्यांनी, समजून घेण्यासारखी आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच देहांची तुलना प्रसिद्ध केली. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, तो दोघांचाही एकच, म्हणजे २२.३ होता. परंतु क्ष-किरणांच्या यंत्राने मोजता युडकिनांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के निघाली! तराजूला जे भेद कळले नाहीत, ते यंत्राने उघड केले.

आता चरबी थोडी अधिक असली म्हणून बिघडले कोठे, असे कोणी विचारील. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर मुख्यत्वे स्नायू उचलतात व वापरतात, आणि त्यांना ती आज्ञा इन्सुलिन देते. स्नायू थोडे असले तर साखर ठेवण्यास कोठारच अपुरे पडते. उलट पोटाच्या पोकळीत साठलेली चरबी रक्तात स्निग्धाम्ले सोडून यकृतास त्रास देते आणि इन्सुलिनची आज्ञा क्षीण करते. म्हणून बाहेरून कृश दिसणाऱ्या देहातही मधुमेहाचे बीज रुजू शकते.

आपल्या सप्तधातूंत मांसानंतर लगेच मेदाचे स्थान आहे. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन प्रकार सांगून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असे म्हटले आहे. आणि सहज प्रमेहाचे मूळ त्याने मातापित्यांच्या बीजात पाहिले. प्राचीनांना आजचे सर्व ठाऊक होते, असा दावा मी करीत नाही. परंतु रोगाचा माग जन्माच्याही मागे जातो, ही दृष्टी आजच्या शोधाशी जुळते खरी.

कारण याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. त्या मातांचे गर्भारपणापूर्वीचे वजन सरासरीने सुमारे ४२ किलो होते, आणि बालकांचे जन्मवजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याच्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटली नव्हती. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेत, त्यांची बालके मोठी होती. पुढे असेही आढळले की, ज्या मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत मंद होता. ब-१२ वनस्पतींत नसते. शाकाहारी घरांत ते मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दूध, दही व ताक.

येथेच आपल्या घरांचा प्रश्न उभा राहतो. घरातील दूध कोणाच्या वाटीत पडते? आजोबांच्या, मुलग्यांच्या, पाहुण्यांच्या. सून सर्वांचे उरकून बसते तेव्हा पातेल्याच्या तळाशी जे असेल ते तिचे, आणि तिने ते हसत घ्यावे ही आपली चाल. तिच्या ताटातून जे वगळले जाते, ते पुढे नातवाच्या देहातून वगळले जाते. आपण ज्याला तिचा संयम म्हणून गौरवितो, त्याची किंमत एक न जन्मलेला जीव भरतो, आणि त्याने त्यास कधी संमती दिलेली नसते!

आमच्या उरणात मिठागरांत व भातशेतांत राबणाऱ्यांचे स्नायू श्रमाने घडत असत. २०२४ च्या जानेवारीपासून येथे आगगाडी आली. सोय झाली, हे चांगलेच. परंतु चालणे सुटले तर स्नायूही सुटतात, म्हणून चालण्याचा नेम मुद्दाम राखावा लागेल.

तात्पर्य, तराजूवर भिस्त ठेवू नये. मुलीच्या व सुनेच्या पानात दूध, दही आणि पालेभाजी आधी वाढावी, आणि तिला सर्वांबरोबर बसवावे. शंका असल्यास वैद्याकडून रक्त तपासून घ्यावे. पंगतीतील जागा बदलण्यास पैसा लागत नाही. लागतो तो मोठेपणा, आणि तो घरातील वडीलधाऱ्यांनीच दाखवावयाचा आहे.