खिंडार

हातात उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, असा आमच्या कामात एक नियम आहे. उचललात ना, मग त्याला जागा शोधा. इथे नाही बसला तर पलीकडच्या अंगाला, तिथेही नाही तर फोडून भिंतीच्या पोटात. एक मीटर भिंतीत दीड-दोन टन दगड जातो. उचल-ठेव करत बसलं तर संध्याकाळी कंबर आपली राहत नाही. गेली नऊ वर्षं मी हा नियम पाळायचा प्रयत्न करते आहे आणि दिवसातून दहा वेळा मोडते आहे.

यॉर्कशायर डेल्समधल्या व्हार्फडेल खोऱ्यात आमचं घर आहे. आयुष्यभर मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजल्या. पन्नाशी उलटल्यावर एका शनिवार-रविवारच्या वर्गात चुन्या-सिमेंटशिवाय भिंत रचायला शिकले. वर्गात आम्ही सातजण होतो. मी एकटी बाई आणि एकटी सावळी. शिकवणारे म्हातारबाबा सत्तरीचे. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि हातोडा न देता एक बादली दिली. म्हणाले, दोन दिवस फक्त भरणा कर.

भरणा म्हणजे काय, ते सांगायला हवं. लांबून ही भिंत एक दिसते, पण असतात दोन. पायाशी सव्वादोन फूट रुंद, एकमेकींकडे झुकत वर गेलेल्या आणि माथ्याशी सव्वा फुटावर आलेल्या. दोहोंच्या मधल्या पोकळीत बारके दगड बसवायचे. ओतायचे नाहीत, बसवायचे. एकेक, हाताने, हलणार नाही असे. इंग्रज याला ‘हार्टिंग’ म्हणतात. निम्म्या उंचीवर दोन्ही भिंतींना आरपार धरणारे लांब दगड घालायचे, ते ‘थ्रू’. सगळ्यात वर, पुस्तकं उभी लावावीत तसे माथ्याचे दगड. बाकी कायदा एवढाच: एका दगडावर दोन, दोहोंवर एक, सांध्यावर सांधा येता कामा नये. आणि दगडाची लांबी आत गेली पाहिजे. नवशिका माणूस लांब दगड बाहेरच्या बाजूने आडवा लावतो, कारण तो देखणा दिसतो आणि भिंत भराभर पुढे सरकते. आत काहीच जात नाही.

माझं पहिलं काम, घरामागची तीन मीटर, असंच देखणं होतं. पोटात मी फावड्याने खडी ओतली होती. शेजाऱ्यांनी फोटो काढले. फेब्रुवारीत एका पहाटे धबाबा आवाज आला. पाहते तर माझी भिंत पोट फुटल्यासारखी कुरणात पसरलेली. दोष थंडीचा नव्हता. पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं, वाराही गाळून जातो, म्हणून तर सिमेंटची भिंत जिथे गोठणाऱ्या पाण्याने तडकते तिथे ही टिकते. दोष भरण्याचा होता. खडी हळूहळू खाली बसली आणि बाहेरचे दगड आत आधार शोधत राहिले.

म्हातारबाबा दगडाखाली चीप सारायला शिकवत होते तेव्हा मी न सांगता आतल्या बाजूने सारली. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? शिकले नव्हते, पाहिलं होतं. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. आमच्या बागेला गडगा होता, जांभ्याच्या धोंड्यांचा, कंबरभर उंच. दोन गडग्यांमधून जाणारी पाणंद आमची शाळेची वाट. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि नेचे इतके वाढत की दगड दिसेनासा होई. आजी रोज बजावायची, गडग्यात हात घालू नको, आत जनावर असतं. पाऊस सरला की वाडीतले दोन गडी यायचे आणि ढासळलेला भाग परत घालायचे. ते चिपा कोंबताना मी समोर बसलेली असायची. जांभा खरबरीत, एकमेकाला धरून बसतो. इथला चुनखडक ओला झाला की साबणासारखा निसटतो. बाकी हातांची चाल तीच.

डेल्समध्ये अशा भिंती आठ हजार किलोमीटरांहून जास्त आहेत. डोंगर कितीही चढा असो, सुतात सरळ वर गेलेल्या भिंती बहुतेक 1750 ते 1850 या शंभर वर्षांतल्या. पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून गावकीची कुरणं वाटून दिली तेव्हाच्या. आज त्यांच्यापुढे उभं राहून लोक निसर्गसौंदर्य म्हणून फोटो काढतात. ज्यांची कुरणं गेली त्यांना त्या दिसायला कशा वाटल्या असतील, हा विचार दगड लावताना अनेकदा येतो. दगडात समुद्रातल्या जीवांचे ठसे सापडतात. हा खडक साधारण तेहतीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा गाळ. आकडा ऐकून मला हसू आलं होतं. तेहतीस कोटी म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं.

इथलं वर्ष भिंतीच्या दोन अंगांनी चालतं. मार्चमध्ये कर्ल्यू पक्षी परततात आणि त्यांची लांब, वर चढत जाणारी शीळ माळावर ऐकू येते. एप्रिलमध्ये कोकरं. त्या महिन्यात शेतकऱ्याशी भिंतीबद्दल बोलू नये, तो झोपलेला नसतो. मेंढ्यांना एका कुरणातून दुसऱ्यात जायला भिंतीत खाली चौकोनी भोक ठेवलेलं असतं, दगडाने बंद करता येणारं. कोकरं त्यातून विनाकारण ये-जा करतात. जून-जुलैत लोकर कातरायची आणि गवत कापायचं. त्या आधी कुरणं पिवळ्या, जांभळ्या फुलांनी भरतात. पूर्वी मेंढ्या मोजायचे तेही वेगळ्याच भाषेत: यान, टॅन, टेथेरा, मेथेरा, पिप. पाचापर्यंतचे हे आकडे मला म्हातारबाबांनी शिकवले. मी त्यांना आपले पाच शिकवले. नोव्हेंबरात एडके मेंढ्यांत सोडतात, म्हणजे कोकरं एप्रिलात येतात. तेव्हा मात्र भिंतीत एकही खिंडार चालत नाही. एडका थांबत नाही. आमचा शेतकरी त्या आधी सगळ्या भिंतींच्या कडेने चालत जातो आणि पडलेल्या जागा मोजतो. त्यांना तो ‘गॅप’ म्हणतो. मग मला फोन येतो.

मागच्या सप्टेंबरात नवऱ्याने अट घातली. आठवडाभर ग्रीसच्या बेटावर जायचं आणि हातोडा घरी राहील. मी कबूल झाले. अथेन्सजवळच्या राफिना बंदरातून दोन तासांत बोट आंद्रोसला जाते. दक्षिणेकडच्या कोर्थीच्या खोऱ्यात आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. उन्हाळाभर घोंगावणारा मेल्टेमी वारा मंदावला होता, समुद्र अजून कोमट होता. पहिले दोन दिवस मी खरोखर काही केलं नाही. पोहले, झोपले, बटाटा आणि सॉसेज घातलेलं फ्रुतालिया नावाचं जाडजूड ऑम्लेट खाल्लं, परत झोपले. नवऱ्याने चारशे पानी कादंबरी संपवली. वाळलेल्या डोंगरावर पानांशिवाय नुसते पांढरे तुरे उभे होते. आपल्याकडच्या कोळकांद्याचं ते भावंड. बोटांना नऊ वर्षांत प्रथमच भेगा नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो आणि सुट्टी संपली. वाटेच्या दोन्ही बाजूंना भिंती होत्या, आणि त्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या अशा. इथला खडक पाटीसारखा, थरांत सुटणारा. त्याचे मोठे, त्रिकोणी पत्थर थोड्या थोड्या अंतरावर उभे रोवलेले, आणि मधल्या जागेत बारके दगड आडवे रचलेले. आम्ही उभा दगड फक्त माथ्यावर लावतो. इथे तोच खांब झाला होता. पाचेक मिनिटं पाहिल्यावर त्यातला हिशेब कळला. मोठा पत्थर फोडायचा नाही, रचायचा नाही, नुसता उभा करायचा. निम्मी भिंत फुकट. शिवाय गुरं न्यायची असतील तर दोन पत्थरांमधले बारके दगड काढायचे, गुरं गेली की परत भरायचे. दार नको, फाटक नको. नवरा पुढे जाऊन परत आला तेव्हा मी गुडघ्यांवर बसून एका भिंतीच्या पोटात डोकावत होते. तो काही बोलला नाही, सावलीत जाऊन बसला.

संध्याकाळी घरमालकीणबाईंना विचारलं. ‘क्सेरोलिथिया,’ त्या म्हणाल्या. क्सेरोस म्हणजे कोरडा, लिथोस म्हणजे दगड. मग त्यांनी समोरच्या डोंगराकडे हात केला. ऊन तिरपं झालं होतं आणि जे दुपारी दिसलं नव्हतं ते दिसू लागलं होतं: पायथ्यापासून शेंड्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. प्रत्येक पायरीला हातभर, कुठे पुरुषभर उंच भिंत, आणि तिच्यामागे ओंजळभर माती. एवढ्याशा पट्टीत जव लावायचे, द्राक्षं लावायची. वडील जहाजावर होते, त्या म्हणाल्या, भाऊसुद्धा. आंद्रोस हे जहाजवाल्यांचं बेट. पुरुष समुद्रावर गेले, आणि वरच्या पायऱ्यांवर कोणी पेरेनासं झालं. 2018 मध्ये युनेस्कोने कोरड्या दगडी भिंतीची कला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. ग्रीस त्या पहिल्या आठ देशांपैकी एक. मी हे कौतुकाने सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी अंजिरं वाढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पायऱ्यांमधून वर गेलो. जवळून पाहिलं तर दर चौथी-पाचवी भिंत फुटलेली. खिंडारातून माती पंख्यासारखी खालच्या पायरीवर ओघळलेली, त्या भाराने खालचीही कललेली. सवयीने मी एक दगड उचलला. चांगला होता, लांब, एका बाजूने सपाट. जागा शोधायला लागले. त्याच्याखाली जो हवा होता तो खाली काटेरी झुडपात पडला होता. त्याच्या खालचा कुठे दिसत नव्हता. पायापर्यंत उकरलं असतं तर दोन दिवसांत दोन मीटर भिंत उभी केली असती, मला येतं ते. पण मागे धरून ठेवायला माती उरली नव्हती, आणि त्या मातीत काही पेरायला वर माणूस नव्हता. नवरा एवढंच म्हणाला, ‘कुणासाठी लावणार आहेस?’

मी दगड खाली ठेवला.

नऊ वर्षं मी हे काम म्हणजे हातांची गोष्ट समजत होते: नजर, वजन, चीप, भरणा. भिंती पडतात त्या कसब गेल्यामुळे, असं वर्गात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. भिंत तर पडणारच, कोरडी भिंत पडण्यासाठीच असते; तेच दगड परत लावता येतात हीच तिची खुबी. ती परत लावायची की नाही हे ठरवतो तो तिच्या आतला जव, आतली मेंढी. डेल्समध्ये मला काम मिळतं ते माझ्या हातामुळे नाही, एडक्यामुळे मिळतं.

त्या रात्री दादाला फोन केला. माहेरच्या गडग्याचं काय झालं, विचारलं. ‘अगं, गडगा घालणारा गडी आता मिळतोय कुठे? पोरं सगळी मुंबईला. वानरांनी कलमं ठेवली नसती, जाळी घातली बागेला.’ मी काय बोलणार? परक्या मुलखात मी एव्हाना पावणेदोनशे मीटर भिंत घातली आहे. माहेरी एक हातसुद्धा नाही. मी स्वतःच त्या पाणंदीतून बाहेर पडलेल्यांपैकी एक आहे.

घरी परतलो तर फोनवर निरोप होता. नदीकडच्या कुरणात अ‍ॅश झाडाची फांदी पडून चार मीटरचं खिंडार झालं होतं. एडके सोडायला पाच आठवडे होते. सोमवारी सकाळी बादली आणि हातोडा घेऊन गेले. बुधवारी दुपारी माथ्याचे दगड लागले.