डॉलरचं गाव

डॉलर हा शब्द आता आपल्याकडे खेड्यापाड्यांतही पोचला आहे. ज्या घरातला मुलगा अमेरिकेत असतो, तिथे तर सकाळी सोन्याच्या भावाआधी डॉलरचा भाव पाहिला जातो. पण हा शब्द मुळात एका गावाच्या नावातून निघाला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

झेक प्रजासत्ताकात, जर्मनीच्या सीमेलगत, डोंगरांच्या खोऱ्यात याखिमोव्ह नावाचं छोटं गाव आहे. १५१६च्या सुमारास तिथे चांदी लागली आणि माणसांची रीघ लागली. गावाला जर्मन नाव मिळालं योआखिमस्टाल, म्हणजे संत योआखिमचं खोरं. योआखिम हे येशूचे आजोबा, मेरीचे वडील. गंमत पाहा, डोंगरापलीकडच्या चांदीच्या गावाला मेरीच्या आईचं, ॲनाचं नाव होतं. नवरा अलीकडे, बायको पलीकडे!

१५२०पासून श्लिक घराण्याने इथल्या चांदीची मोठी नाणी पाडली. लोक त्यांना योआखिमस्टालर म्हणू लागले. एवढं लांब नाव बाजारात कोण घेणार? राहिलं नुसतं टालर. डच लोकांनी त्याचं डाल्डर केलं, इंग्रजांनी डॉलर. टाल म्हणजे खोरं. तेव्हा डॉलरचा अर्थ एवढाच, 'खोऱ्यातला'. 'कोल्हापुरी'तला कोल्हा गळून नुसती पुरी उरावी, तशी ही गत.

चांदी ओसरली आणि मागे एक काळा, जड दगड उरला. त्याच्याच चोथ्यातून १८९८ साली मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं. तिथले खाणकामगार मात्र पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या रोगाने अकाली मरत होते. तो फुप्फुसाचा कर्करोग होता, हे फार उशिरा कळलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन बोलणाऱ्या रहिवाशांना हाकलून देण्यात आलं. त्यांच्याबरोबर जुनं नावही गेलं. मग १९४९पासून कम्युनिस्ट राजवटीने राजकीय कैद्यांना तिथे युरेनियम खणायला लावलं. ते जात होतं सोव्हिएत युनियनला. ज्या खोऱ्याने अमेरिकेला तिच्या नाण्याचं नाव दिलं, तेच खोरं तिच्या शत्रूच्या अणुबाँबसाठी राबलं.

आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, पण पाठ्यपुस्तकात नाणी पाडणाऱ्यांची नावं असायची, खणणाऱ्यांची कधीच नाहीत. डॉलर या शब्दात निदान त्यांचं खोरं तरी उरलं आहे. भाव पाहताना एखाद्या दिवशी तेवढं आठवावं, इतकंच.