पिओरियातले घारगे

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपण साऱ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. तिला भोपळ्यानं तारलं. मी लेकीकडे गेले आणि भोपळ्यानं माझी फजिती केली, त्याची ही हकीकत.

माझे लेक-जावई अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहतात, पिओरिया नावाच्या गावी. नदीकाठचं हे शहर. बाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. २०२४ सालच्या ऑक्टोबरात मी तिथे पोचले, तर काय पाहते? घरोघरी पायरीवर केशरी, गरगरीत भोपळे! एकेक चांगला सात-आठ किलोंचा.

“अगं, एवढा भोपळा खातं तरी कोण?” मी विचारलं.

“खात नाहीत, आई. कोरतात,” लेक हसत म्हणाली.

३१ ऑक्टोबर हा त्यांचा हॅलोवीनचा दिवस. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा सण, त्याची ही आदली संध्याकाळ. आयर्लंड-स्कॉटलंडकडे पूर्वी या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं पोटासाठी अमेरिकेत आली आणि त्यांच्या हाती भोपळा लागला. सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. मग सलगमाला कोण विचारतो? भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. आपल्याकडे तो आला कोलंबसानंतर. म्हणजे आपल्या घारग्यांचं माहेर इकडचं म्हणायचं!

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. आदल्या संध्याकाळी सात वर्षांची नात आणि जावईबापू भोपळा घेऊन बसले. वरची टोपी कापली, आतल्या बिया-दोरे ओढून काढले, मग भिंत पातळ व्हावी, उजेड नीट दिसावा म्हणून चमच्यानं गर खरवडला. वर्तमानपत्रावर ढीग झाला. लेक तो कचऱ्याच्या पिशवीत भरू लागली, आणि माझा हात आपसूक तिच्या हातावर गेला.

तिला काय सांगणार? सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी आढ्याला भोपळे टांगलेले असत. अखंड भोपळा महिनोन्‌महिने टिकतो. १९७२ च्या दुष्काळात मी सतरा वर्षांची होते. आई एक भोपळा चार दिवस पुरवी. गराची भाजी, सालांची चटणी, आणि बिया सोलून आम्हा भावंडांना मोजून वाटायची. शेवटचा भोपळा उतरवला त्या दिवशी ती आढ्याकडे बघत उभी राहिली होती, ते मला अजून दिसतं. आणि इथे तोच गर पिशवीत चालला होता.

“उद्या दिवाळी आहे. मी घारगे करते,” मी म्हटलं.

गर किसला, गूळ घालून शिजत ठेवला. आणि काय सांगू, पातेल्यात पाणीच पाणी! आटता आटेना. चव पाहिली तर फिक्का. आणखी गूळ घातला. त्यात मावेल तेवढी कणीक, थोडा तांदळाचा रवा, तुपाचं मोहन घातलं. थापून, खसखस लावून तळले. दिसायला झकास, पण दातांत दोरे येत होते आणि भोपळ्याचा म्हणून स्वाद कुठे नव्हताच. जावईबापू “छान झालेत” म्हणाले आणि त्यांनी दुसरा घेतला नाही. बियांनी मात्र लाज राखली. धुऊन, कोरड्या करून, तूप-मीठ लावून भाजल्या, त्या नातीनं एका बैठकीत संपवल्या.

नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायला कारीट काही पिओरियात मिळालं नाही. नरकासुर म्हणून आपण ते अंगठ्यानं चिरडतो, हे नातीला सांगितलं, तर म्हणते कशी, “आजी, आम्ही राक्षस फोडत नाही. त्याच्या पोटात दिवा लावतो.”

चार घारगे मी धीर करून शेजारच्या वृद्ध बाईंना दिले. शेतकऱ्याघरची बाई. एक घास घेऊन त्या हसल्या आणि त्यांनी कोडं उलगडलं. कोरायचा भोपळा हा रंग, आकार आणि मजबूत देठ यांसाठी वाढवलेला; गर पाणचट आणि दोऱ्यांचा. खायचा तो निराळा. पिओरियाहून दहा-बारा मैलांवर मॉर्टन नावाचं गाव आहे. भोपळ्याची जागतिक राजधानी असं ते स्वतःला म्हणवतं. अमेरिकेत डबाबंद होणारा बहुतेक भोपळा याच टापूतला. तो डिकिन्सन जातीचा, बाहेरून मातकट पिवळा, आतून दाट, गोड. आणि आपल्या बाजारातल्या तांबड्या भोपळ्याचा सख्खा भाऊबंद. घरी गोड करायला बायका छोटा ‘पाय पंपकिन’ घेतात. मी पायरीवरच्या सोंगालाच घरचा माणूस समजले होते!

दिवा विझल्यावर दुसऱ्या दिवशी मी दारातल्या भोपळ्याकडे पुन्हा आशेनं पाहिलं. बाईंनी लांबूनच बोट हलवलं. कापून रात्रभर उघड्यावर राहिलेला, आत मेणबत्ती जळलेला भोपळा पोटात घालायचा नाही. कोरताना निघालेला ताजा गर तेवढा त्याच दिवशी शिजवायचा. खारीनं तोवर त्याचा एक कान कुरतडलाही होता. रस्त्याभर असे भोपळे मान टाकून बसलेले पाहून जीव तुटला.

पण शनिवारी लेक म्हणाली, “आई, चल.” इलिनॉयातल्या पुष्कळ गावांत हॅलोवीननंतर भोपळे एकत्र गोळा करून त्यांचं खत करतात. कचऱ्याच्या डेपोत हवेवाचून ते कुजले की मिथेन वायू सुटतो, तो टळतो. नातीनं आमचा भोपळा दोन्ही हातांनी उचलून ढिगावर ठेवला. वळून मला विचारलं, “आजी, आता तुझी आई रागावणार नाही ना?” मी भोपळ्याची गोष्ट लेकीला सांगत होते, ती हिनं कधी ऐकली कोण जाणे! मी म्हटलं, “नाही गं. मातीत गेलेलं वाया जात नाही.”

निघायच्या आधी मी त्या छोट्या भोपळ्याचे घारगे केले. एक वाटी किसाला पाऊण वाटीच गूळ पुरला, आणि जावईबापूंनी स्वतःहून पाच घेतले.

पुढच्या ऑक्टोबरात नातीचा फोन आला. “आजी, या वर्षी दोन आणलेत. मोठा दिव्याचा आणि छोटा पोटाचा. मोहन किती घालायचं, ते आईला सांग.”