उद्या पुन्हा भेटायचंय

भिवंडीत झाडं आहेत का, असं बाहेरचे लोक मला विचारतात. त्यांनी भिवंडी पाहिलेली असते ती अंजूरफाट्यापासून कल्याण नाक्यापर्यंत ट्रकच्या रांगेत अडकून. धूळ, गोदामं, मेट्रोचे खांब आणि यंत्रमागांचा खडखडाट एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. पण धामणकर नाक्याहून कामतघरकडे वळलं की वऱ्हाळा तलाव लागतो. काठावर वऱ्हाळादेवीचं देऊळ, मोठाली जुनी झाडं, सकाळी पाण्यावर उतरणारे बगळे. लग्न होऊन मी या बाजूला आले तेव्हापासून माझा दिवस या तळ्याकाठी सुरू होतो. आमच्या भागात कोणाला कशाबद्दल काय वाटतं, तेही मला इथेच कळतं.

फेरी झाली की आम्ही बायका झाडाखाली टेकतो. कामतघरच्या एक आगरी आजी असतात. आज इमारती आहेत तिथली भातशेती त्यांनी स्वतः लावलेली आहे. पद्मानगरच्या अक्का तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, बाजारात हिंदी आणि आमच्याशी अस्खलित मराठी. सुताचा व्यापार असलेल्या मारवाडी घरातल्या भाभी येतात. कधीकधी सासूला फिरवायला आलेली एक मोमीन शिक्षिकाही बसते. मी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले, म्हणून सगळ्यांची ‘बाई’.

बोलणं कशावरही निघतं. नळाला पाणी किती वाजता आलं, काँक्रीटचा रस्ता करताना झाडाच्या बुंध्याला अगदी चिकटून सिमेंट का ओतलं, गल्लीत ट्रक रात्री कोणी उभा केला. मतं क्वचितच जुळतात. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा, हे माझं म्हणणं. तिथे पावसात चिखल होतो आणि माणसं घसरतात, हे भाभींचं. आजी म्हणतात, आधी मला त्या झाडाखाली बसायला जागा ठेवा, मग काय ते ठरवा.

सगळ्यांत जास्त वाद होतो तो साच्यांवरून, म्हणजे यंत्रमागांवरून. आमच्या भागात घरं आणि कारखाने भिंतीला भिंत लावून आहेत. नव्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबांना रात्रीचा खडखडाट सहन होत नाही. कारखाने शहराबाहेर न्या, असं त्यांना मनापासून वाटतं, आणि लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर त्यात गैर काहीच नाही. अक्कांचं आयुष्य त्याच आवाजात गेलं. त्यांची मुलं त्या आवाजात शांत झोपायची आणि शुक्रवारी साचे बंद असले की उलट जागी व्हायची. “बाई, साचा थांबला की आमची चूल थांबते,” असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा नव्या इमारतीतली एक मुलगी समोरच बसली होती. ती गप्प झाली. मग तिने आवाज नेमका कुठून येतो ते सांगितलं. कारखान्याची गल्लीकडची खिडकी रात्री उघडी राहत होती. अक्कांनी पुतण्याला सांगितलं आणि रात्री दहानंतर ती खिडकी बंद होऊ लागली. आत उकडतं म्हणून त्याने मागच्या भिंतीला पंखा बसवून घेतला. सगळा आवाज गेला नाही, पण मुलीचं बाळ झोपू लागलं आणि साचेही चालू राहिले.

एवढ्याशा गोष्टीचं मला इतकं मोल का वाटतं, ते सांगायचं तर माझ्या माहेरच्या आळीत जावं लागेल.

मी वाढले ती मंडईजवळच्या जुन्या वस्तीत. अप्पा एका सूत व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. शेजारी कोकणी मुसलमान कुटुंब. तिथले चाचा आमच्याशी ठसठशीत मराठी बोलायचे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भिवंडीत दंगल उसळली तेव्हा मी तान्ही होते. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्या दंगलीची चौकशी केली, हे मी पुढे वाचलं. १९८४ ची दंगल मात्र मला आठवते. मे महिन्याची सुट्टी होती. संचारबंदीत खिडक्या लावून आम्ही आत बसलो होतो, आणि ज्या घरातून दर ईदला शीरखुर्मा यायचा त्या घराची खिडकीही बंद होती. आमच्या आळीत तेव्हा कोणी कोणाचं वाईट केलं नाही, पण पुढे कित्येक महिने अप्पा आणि चाचा एकमेकांशी मोजकंच बोलत. ते मोजकं बोलणं मला दंगलीपेक्षा जास्त टोचलं.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस यांनी दंगल नसतानाही नियमित एकत्र बसायचं, अशी ती योजना होती. आमच्या आळीतून अप्पा आणि चाचा दोघेही जाऊ लागले. पहिल्या बैठकीहून अप्पा आले तेव्हा आईने विचारलं, काय झालं तिथे? अप्पा म्हणाले, “गटारावर बोलणं झालं.” पुढच्या वेळी नळावरच्या रांगेवर झालं. मग पोरांच्या क्रिकेटने फुटलेल्या काचांवर, कर्ण्याच्या आवाजावर, मिरवणूक कोणत्या वेळी कुठून जाईल यावर. आईला वाटायचं, या क्षुल्लक विषयांसाठी पोलिसांनी माणसं कशाला गोळा करायची? पण हळूहळू दोघं पुन्हा एकत्र घरी येऊ लागले. वाटेत वाद घालत आणि तो संपवायला आमच्या ओट्यावर बसत.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेलं आमचं गाव मात्र शांत राहिलं. आमच्या आळीत ६ डिसेंबरच्या रात्री मी जे पाहिलं ते असं: आळीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून अप्पा, चाचा, आणखी काही जण आणि बीटचे हवालदार बसले होते. आई आणि चाची आळीपाळीने चहा पाठवत होत्या. मध्यरात्री एक पोरगा धावत आला आणि पलीकडच्या वस्तीत प्रार्थनास्थळ जाळल्याचं सांगू लागला. अप्पा आणि चाचा हवालदारांबरोबर उठून तिथे गेले. काहीही जळालेलं नव्हतं. परत येऊन त्यांनी घराघरांत जाऊन ते सांगितलं. एकट्या अप्पांनी सांगितलं असतं तर अर्ध्या आळीने विश्वास ठेवला असता, एकट्या चाचांनी सांगितलं असतं तर उरलेल्या अर्ध्या. दोघांनी मिळून सांगितलं म्हणून सगळ्यांनी ऐकलं. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं, आणि १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. माझ्यापुरतं उत्तर मला त्याच रात्री मिळालं होतं. ज्याच्याशी आपण वर्षभर गटारावरून भांडलेलो असतो, त्याचा शब्द संकटात खरा वाटतो.

गेल्या वर्षी तळ्याकाठी हे मी पुन्हा पाहिलं. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा आदेश दिला. वऱ्हाळ्याचं पाणी शहराच्या काही भागाला प्यायला जातं, त्यामुळे मला तो आदेश रास्त वाटला आणि मी तसं बोलले. आजी दुखावल्या. त्यांच्या घरचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात जातो. अक्कांनी वेगळाच प्रश्न काढला: आमच्या बतुकम्मा सणाची फुलं आम्ही तळ्यात सोडतो, उद्या तीही बंद करणार का? फुलं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस एक नाही, असं भाभी म्हणाल्या. त्याच दिवसांत मोबाइलवरच्या गटात या विषयावर जे लिहिलं जात होतं, ते मी इथे सांगू शकत नाही. गल्लीतलीच माणसं एकमेकांना धर्मद्रोही आणि अडाणी ठरवत होती.

झाडाखाली तसं झालं नाही. भाभींच्या माहेरी शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करतात, ते त्यांनी सांगितलं. आजींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मूर्ती शाडूची आणीन, हौदात सोडेन, पण शेवटची आरती मला तळ्याच्या काठावरच करू द्या. कोणीच हरकत घेतली नाही. अनंत चतुर्दशीला आम्ही सगळ्या त्या आरतीला उभ्या होतो. मोमीन शिक्षिका नेहमीप्रमाणे सासूला फिरवायला आली होती, तीही प्रसादासाठी थांबली. माझं मत आजही न्यायालयाच्या बाजूचं आहे, पण आजींच्या आरतीला जागा नसलेलं मत मला नको.

झाडाखाली होतं तसं बोलणं शहरभर व्हायला हवं. २०११ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असं राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने सांगितलं. कायद्याने दिलेली जागा आहे, ती माणसांनी भरली पाहिजे. नव्या इमारतींत राहायला येणाऱ्यांना शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, आणि अफवा आता पोराच्या पायांनी येत नाही, खिशातल्या फोनवर येते. ती खोटी आहे हे सांगायला दोन ओळखीचे, वेगवेगळ्या घरांतले आवाज लागतात. ते आयत्या वेळी जमत नाहीत. त्यासाठी आधी पाण्याच्या वेळेवर, ट्रकवर, बुंध्याभोवतीच्या मातीवर पुष्कळ बोलून झालेलं असावं लागतं.

म्हणून आम्ही आता महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरवून बसतो. नव्या इमारतीतली मुलगी बाळाला घेऊन येते, आणि अक्कांचा पुतण्याही येतो. बीटच्या पोलिसांनाही आम्ही बोलावलं आहे. येत्या रविवारी विषय झाडांचा आहे. भाभी चिखलाबद्दल बोलणार, मी मुळांबद्दल. बुंध्याभोवती खडीचा पट्टा ठेवला तर पाणीही मुरेल आणि पायही घसरणार नाहीत, असं मला सुचवायचं आहे. भाभी काय म्हणतात ते ऐकून मग पालिकेला अर्ज करू, दोघींच्या सह्यांनी.