सूर्य सगळ्यांचा, सातबारा मोजक्यांचा

मागच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी आम्ही समाजमंदिरात बसून जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून देत होतो. दुपारी एक मावशी आल्या. त्यांना दाखला नको होता. म्हणाल्या, "लेकरांनो, आमच्या तुकड्यात कोणी तरी लाल झेंड्या रोवल्यात. कशाच्या आहेत ते तेवढं बघा."

आम्ही गेलो. गायरानातली दोन एकर जमीन. सासऱ्यांनी दगड वेचून काढलेली. तिथे बाजरी, तूर निघते. झेंड्या मोजणीच्या होत्या. तलाठी कार्यालयात कळलं की जमीन सरकारी आहे आणि सौर प्रकल्पासाठी निवडली गेली आहे. मावशींनी पिशवीतून जुन्या पावत्या काढल्या. अतिक्रमणाच्या दंडाच्या. सर्वांत जुनी १९८८ सालची. दंड भरल्याची पावती हाच आमच्या माणसांचा मालकीचा पुरावा!

त्या दिवसापासून आम्ही सौर ऊर्जेची धोरणं वाचायला घेतली. समाजशास्त्राच्या एम.ए.ला 'विकास' या विषयावर पानंच्या पानं लिहिली होती, पण विकासाचा पैसा कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे त्या झेंड्यांनी शिकवलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. रात्री दोनला लाईट येते म्हणून अंधारात पाणी धरायला जाणारा, साप-विंचवाच्या तोंडी जाणारा माणूस बहुतेक वेळा आपलाच सालगडी असतो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणली, १६,००० मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवलं, हे चांगलंच आहे. प्रश्न आहे तो हिशोबाचा.

या योजनेत पैसा कसा फिरतो ते बघा. निविदा भरून विकासक प्रकल्प घेतो. महावितरण त्याच्याकडून २५ वर्षं वीज विकत घेण्याचा करार करते. दर युनिटला साधारण ३ रुपये. करार हाती असला की बँक कर्ज देते. वर 'कुसुम' योजनेतून केंद्राचं अनुदान, मेगावॉटमागे १.०५ कोटी रुपयांपर्यंत. म्हणजे जोखीम सरकारी कराराने उचलली, भांडवलाला सरकारी हात लागला, आणि प्रकल्प खाजगी मालकीचा.

आता जमिनीचा भाग. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. जमीन खाजगी असेल तर मालकाला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. जमीन सरकारी असेल तर ती नाममात्र १ रुपया भाड्याने. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीन वर्षं.

हे गणित आम्ही मावशींच्या ओट्यावर बसून मांडलं. दोन एकर म्हणजे वर्षाला एक लाख रुपये, आणि ते वाढत जाणारे. सातबाऱ्यावर नाव असतं तर! नाव नाही, म्हणून त्याच जमिनीची किंमत एक रुपया, आणि तोही त्यांना नाही. चाळीस वर्षं ज्यांनी जमीन कसली त्यांच्या वाट्याला शून्य. ही चूक योजनेच्या अंमलबजावणीत नाही, योजनेच्या मांडणीतच आहे.

कोणी म्हणेल, अतिक्रमण ते अतिक्रमण. मग इतिहास सांगावा लागेल. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांनी देशभर सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यात पडीक जमिनी कसणाऱ्यांना द्या ही मागणी होती. १९९१ साली महाराष्ट्र शासनानेच निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पूर्वीची अनुसूचित जाती-जमातींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करावीत. तारीख बघा, भीमजयंतीची! सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग निकालात सामूहिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. गावोगाव निकालाचा पहिला भाग वाचला जातो. दुसरा वाचायला आपल्यालाच जावं लागतं.

शिवाय सौर प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, म्हणून त्या मंजुरीतली जनसुनावणीही नाही. कोळशाच्या प्रकल्पाला निदान मांडव घालून लोकांना बोलवावं लागतं. इथे झेंडी दिसते तेव्हाच कळतं.

जमिनीचं झालं. आता छताचं. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. एक किलोवॉटला ३०,००० अनुदान, तीन किलोवॉटला ७८,०००. पण छत स्वतःचं हवं, मजबूत हवं, आणि अनुदान यंत्रणा बसल्यावर खात्यात येतं. आधी पैसे किंवा कर्ज आपलं. पत्र्याचं घर, भाड्याची खोली, गावठाणाबाहेरची वस्ती यांना ही योजना लागू कशी होणार? गरीब ग्राहकांसाठी राज्याने जादा अनुदान जोडलं, तरी छताची अट तिथेच आहे. सौर कृषिपंपाचंही तसंच. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के रक्कम भरायची आहे, ही सवलत खरोखर मोठी आहे. पण त्यासाठी शेत आणि पाण्याचा स्रोत हवा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या जमिनीपैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्केही जमीन नव्हती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के होता.

आणि या सगळ्याला पैसा कोणाचा? २०१० साली केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. कोळशाची वीज झोपडीतला माणूसही वापरतो, म्हणजे तोही हा उपकर भरत होता. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी गोळा झाले. निधीत जेमतेम ३० हजार कोटी आले आणि प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १६ हजार कोटी. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. वर्गणी सगळ्यांची होती. तिचा हिशोब वस्तीत कोणी सांगायला आलं नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा श्रमखात्याबरोबर वीज आणि पाण्याचं धोरणही त्यांच्याकडे होतं. १९४३ साली त्यांनी विजेच्या समितीपुढे मालकीचाच प्रश्न ठेवला होता. वीज सरकारी असावी की खाजगी, आणि ती स्वस्त व मुबलक कशी मिळेल? औद्योगिकीकरणाशिवाय गरिबी हटणार नाही आणि स्वस्त विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं त्यांनी लिहून दिलं. आपण जयंतीला रोषणाई करतो, पण ती वीज कोणाच्या मालकीची हे विचारत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. सौर धोरण किती मेगावॉट उभे राहिले यावर मोजू नका. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूवर अवलंबून नसलेली झाली, याचा आनंद आहेच. पण मालक कोण झाले, तेही मोजा. गायरान देण्याआधी गाव नमुना १-ई मधल्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवा. १९९० पूर्वीच्या कब्जेदारांचे दावे आधी निकाली काढा. तरीही जमीन घ्यायचीच असेल तर खाजगी मालकाला जे भाडं मिळतं तेच कसणाऱ्याला द्या. ज्यांना छत नाही त्यांच्यासाठी समाजमंदिर, शाळा, मोकळ्या जागेवर सामूहिक संच बसवा आणि वीजबिलातली सूट घरोघर वाटा.

मावशींचा दावा आम्ही पावत्यांसह तहसीलला दाखल केला आहे. पोच मिळाली, सुनावणीची तारीख नाही. पाऊस पडल्यावर मावशींनी झेंड्या तशाच ठेवून मधल्या जागेत तूर पेरली. आम्ही विचारलं, "काढल्या का नाही?" म्हणाल्या, "सरकारी वस्तूला हात लावला तर अजून एक पावती फाडतील."

तुमच्या गावात असे झेंडे दिसले तर आधी १-ई ची नक्कल काढा, मग मोर्चाचं बघू.

जय भीम!